फोर बाय फोरचं गिअर ऑईल घरी बदलताना: भरायचा बोल्ट आधी, सोडायचा नंतर

पाऊस ओसरून रानात वाफसा आला की सांगलीच्या आसपास फोर बाय फोर बाळगणारे लोक गाडीखाली शिरायला लागतात. ऊसतोड सुरू व्हायच्या आत गाडी तयार हवी असते. त्याच दिवसांत मला दोन फोन ठरलेले. पहिला: "जुनं ऑईल सोडलं, आता भरायचा बोल्ट हलतच नाही." दुसरा: "नवीन ऑईल घातलं आणि तिसऱ्या दिवसापासून सेकंड गिअर कुरकुरतोय." पहिल्याचा क्रम चुकलेला असतो, दुसऱ्याचा डबा.

दोघंही इंजिन ऑईल घरी बदलणारे असतात आणि तिथंच फसगत होते. इंजिनाला वरून ऑईल ओतता येतं, पातळी बघायला पट्टी असते. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारा डबा) आणि डिफरन्शियलला (वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरांचा संच, गॅरेजच्या भाषेत हौसिंग) बहुतेक गाड्यांत पट्टी नसते. कुशीत एक भोक असतं. त्यातूनच भरायचं आणि त्या भोकाची खालची कड हीच पातळी. म्हणून तो एक बोल्ट सुटणं आणि गाडी सपाट उभी असणं, या दोन गोष्टींवर सगळं काम उभं आहे.

1. गाडीत ऑईलच्या जागा किती, ते आधी मोजा

जिप्सी, जिम्नी, थार, जुनी बोलेरो फोर बाय फोर अशा लिव्हर किंवा बटणानं फोर व्हील लागणाऱ्या गाड्यांत चार वेगळ्या जागा असतात: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल. चारही जागांचं ऑईल एकच असेल असं धरून चालू नका.

आपोआप, लिव्हरशिवाय चारही चाकांना ताकद देणाऱ्या, म्हणजे ऑल व्हील ड्राईव्ह गाड्यांची मांडणी निराळी. इंजिन आडवं असेल तर पुढचं डिफरन्शियल बहुधा गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, त्याला लागून मागच्या चाकांकडे ताकद वळवणारा छोटा कप्पा असतो, आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी क्लच प्लेटांचं कपलिंग. या कपलिंगचं स्वतःचं वेगळं, पातळ ऑईल असू शकतं. काही गाड्यांत मागच्या बाजूला एकमेकांपासून वीतभर अंतरावर दोन भरायचे बोल्ट दिसतात, एक हौसिंगचा आणि एक कपलिंगचा. हौसिंगचं घट्ट ऑईल कपलिंगमध्ये गेलं तर प्लेटा खराब होतात. कुठला बोल्ट कशाचा हे मॅन्युअलमधल्या चित्रावरून पक्कं होत नसेल, तर ती जागा उघडू नका.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही या लेखात धरलेला नाही. त्याची पातळी ऑईलच्या ठरावीक तापमानाला बघावी लागते. घराच्या अंगणात तो खेळ नको.

> तपासा: वहीत प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहा: ऑईलचा ग्रेड, लिटर, बोल्ट कितपत आवळायचा तो आकडा. तिन्ही मॅन्युअलमधून घ्यायच्या, शेजारच्याच्या आठवणीतून नाही.

2. ऑईल विकत घेताना

सेकंड गिअर कुरकुरण्याचा फोन इथून येतो. डब्यावर जीएल-4 किंवा जीएल-5 अशी गिअर ऑईलची प्रत लिहिलेली असते. दुकानदार म्हणतो, "पाच नंबर भारी, तेच घाला सगळीकडे." हे खरं नाही. डिफरन्शियलमध्ये क्राऊन-पिनियन या दोन गिअरांचे दाते एकमेकांवर घासत सरकतात, तिथं प्रचंड दाब येतो. त्यासाठी जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात (तो उग्र वास त्याचाच). पण मॅन्युअल गिअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या) रिंगा बऱ्याच गाड्यांत पितळेच्या असतात. ही रसायनं गरम झाल्यावर पितळेला खाऊ शकतात. शिवाय जीएल-5 जास्त निसरडं, त्यामुळं रिंगेला गिअरचा वेग पकडून धरता येत नाही आणि गिअर पडताना कुरकुर होते. म्हणून गिअरबॉक्सला मॅन्युअल जीएल-4 सांगत असेल तर जीएल-4 च घाला. हौसिंगला जीएल-5 सांगितलं असेल तिथं जीएल-4 चालत नाही, दाते खाल्ले जातात.

ट्रान्सफर केसची तर वेगळीच तऱ्हा. काहींत गिअर ऑईल, काहींत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लालसर एटीएफ. लाल दिसलं म्हणून "ऑईल पातळ झालंय" असं समजून 80डब्ल्यू90 हे घट्ट गिअर ऑईल ओतणारे मी पाहिलेत.

आकड्यांचाही घोळ होतो. 75डब्ल्यू90 हे नाव ऐकून ते इंजिनाच्या 20डब्ल्यू50 पेक्षा कितीतरी घट्ट असेल असं वाटतं. गिअर ऑईलची मोजपट्टीच निराळी आहे. गरम असताना 90 नंबरचं गिअर ऑईल साधारण 40-50 नंबरच्या इंजिन ऑईलइतकंच घट्ट असतं. म्हणून आकडा बघून स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नका. मागच्या हौसिंगमध्ये क्लच प्लेटांचं लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं गरगरू न देणारं डिफरन्शियल) असेल, तर त्यासाठीचं खास ऑईल किंवा वेगळं मिसळायचं द्रव्य लागतं. ते नसेल तर वळणावर मागून दबके झटके येतात.

किती किलोमीटरला बदलायचं, याचे मॅन्युअलमध्ये बहुतेक दोन तक्ते असतात, साधा वापर आणि कठीण वापर. काळ्या रानातली पाणंद, भरलेली ट्रॉली, ओढ्यातलं पाणी हा कठीण वापर. आपल्याकडच्या निम्म्या गाड्यांनी तोच तक्ता धरला पाहिजे.

3. सामान: आदल्या दिवशीच गोळा करा

- बोल्टला नेमकी बसणारी गोटी (सॉकेट) किंवा ॲलन की. काही हौसिंगला चौकोनी खाचेचा बोल्ट असतो. त्यात अर्ध्या इंचाच्या टॉमीचं (गोटी फिरवायच्या दांड्याचं) चौकोनी टोक थेट बसतंय का, ते आधी लावून बघा
- नवीन वॉशर (तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा), प्रत्येक बोल्टला एक
- ऑईल मावेल त्याच्या दीडपट मोठी परात किंवा ट्रे
- दीड-दोन मीटर पारदर्शक नळी आणि तिच्या तोंडात घट्ट बसणारं नरसाळं, किंवा हातपंप. काहीच नसेल तर जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळणारी मोठी सिरिंज
- तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, भरपूर चिंध्या, हातमोजे, चष्मा
- पुठ्ठा, मार्कर पेन, लिटरच्या खुणा असलेला रिकामा कॅन

बोल्टभोवतीचा चिखल आदल्या संध्याकाळी ब्रशनं खरवडून काढा आणि दोन्ही बोल्टांवर स्प्रे मारून ठेवा. आपली काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते. खाचेत माती असताना की घातली तर ती पूर्ण आत जात नाही आणि पहिल्याच जोराला कोपरे उडतात. खिळ्यानं खाचेचा तळ दिसेपर्यंत कोरा.

4. गाडी उभी करणे

गाडी चारही अंगांनी सपाट हवी. फक्त मागची बाजू जॅकवर चढवून हौसिंग भरलं तर पातळी चुकते. कमी भरलं जाईल की जास्त, ते भोक कुठल्या अंगाला आहे त्यावर अवलंबून, पण बरोबर मात्र येणार नाही.

खरं म्हणजे पुष्कळांना गाडी उचलायची गरजच नसते. जिम्नीचा ग्राऊंड क्लिअरन्स 210 मिमी, थारचा 226 मिमी आहे. बेताच्या अंगाचा माणूस पुठ्ठ्यावर आडवा होऊन आत सरकतो. उचलायचीच असेल तर चारही बाजूंना सारख्या उंचीच्या घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) लावा, आणि त्याही पक्क्या फरशीवर किंवा काँक्रीटवर. अंगणातल्या मातीत जॅक हळूहळू खचतो आणि वरून ते कळत नाही.

> सावधान: ट्रान्सफर केसचा लिव्हर न्यूट्रलमध्ये असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवूनही थांबत नाही, कारण गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटलेला असतो. साध्या डिफरन्शियलच्या गाडीचं मागचं एक चाक उचललं तरी तेच होतं. हँडब्रेक ओढा, आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका.

5. ऑईल कोमट करून घ्या

थंड गिअर ऑईल काकवीसारखं वाहतं आणि तळाचा गाळ तिथंच राहतो. विश्रामबागेतून मिरजेला जाऊन आलात की पुरे. लिव्हरच्या गाडीत एक गोष्ट विसरली जाते: टू व्हीलमध्ये चालवताना पुढच्या हौसिंगला भार येत नाही, त्यामुळं ते ऑईल फारसं तापत नाही. परतताना एखाद्या मातीच्या पाणंदीत फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) किलोमीटरभर सरळ चालवा. डांबरावर फोर व्हील लावून वळू नका. मधे डिफरन्शियल नसल्यानं सगळी यंत्रणा पिळली जाते.

कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकं. लांबून आल्यावर लगेच बोल्ट काढू नका. अर्धा तास थांबा.

6. भरायचा बोल्ट आधी

हा टप्पा नीट वाचा. प्रत्येक जागेचा वरचा, भरायचा बोल्ट पहिल्यांदा सैल करा. तो सुटला तरच खालच्याला हात लावायचा.

बऱ्याच वर्षांपूर्वी जिप्सीचं मागचं ऑईल मी पहिल्यांदा बदलायला घेतलं तेव्हा खालचा बोल्ट समोर दिसला म्हणून तोच काढला. दोन मिनिटांत सगळं ऑईल परातीत. वरचा बोल्ट मात्र आधीच्या कोणीतरी पाईप लावून आवळलेला. तीन वेळा टॉमी घसरली, खाच गोल झाली. हौसिंग कोरडं, त्यामुळं गाडी हलवता येईना. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या फिटरनं घरी येऊन बोल्टच्या डोक्यावर नट वेल्डिंग करून तो काढून दिला. आधी वरचा बोल्ट तपासला असता, तर जुन्या ऑईलवरच गाडी चालवत त्याच्याकडे नेता आली असती.

बोल्ट हलत नसेल तर झटके देत जोर लावू नका. की पूर्ण आत बसवून तिच्या मागच्या टोकावर हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके द्या, पुन्हा स्प्रे, दहा मिनिटं थांबा. मग एकसारखा, वाढता जोर. खाच गोल व्हायला लागली असं जाणवलं की थांबा आणि गाडी गॅरेजला न्या. ऑईल आतच आहे, काही बिघडलेलं नाही.

> तपासा: वरचा बोल्ट हातानं फिरतोय? करंगळी आत घालून वाकवा. ऑईल कडेला लागतं की खाली आहे, तेही वहीत लिहा. खाली असेल तर गळती कुठून आहे ते शोधायचं आहे.

7. सोडा आणि बघा

एका वेळी एकच जागा. चारही एकदम उघडल्या की कुठल्या परातीत काय आणि कुठला वॉशर कुणाचा याचा गोंधळ होतो. परात थोडी पुढे सरकवून ठेवा, पहिली धार लांब पडते. शेवटचे आटे सुटताना बोल्ट आत दाबून धरा आणि एकदम बाजूला घ्या. मग दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या.

याच वेळात गाडी तुम्हाला खूप काही सांगते. सोडायच्या बोल्टला बहुधा लोहचुंबक असतो. त्यावरचा काळा-करडा लगदा अंगठा आणि बोटात घेऊन चोळा. काजळासारखा मऊ लागला तर ती नेहमीची झीज आहे, पुसून टाका. चोळताना कण टोचले, चमकणारे पापुद्रे निघाले किंवा दात तुटल्यासारखा तुकडा मिळाला, तर ऑईल बदलून भागणार नाही, हौसिंग उघडावं लागेल. गिअरबॉक्सच्या ऑईलमध्ये उन्हात पिवळी चमक दिसली तर ती सिंक्रोच्या पितळेची. ते लोहचुंबकाला चिकटत नाही, म्हणून परातीतही बघा.

ऑईल दुधाच्या चहासारखं फिकट निघालं तर आत पाणी आहे. ओढ्यात गाडी घातली की हे होतं आणि त्याचं कारण साधं आहे: तापलेलं हौसिंग एकदम थंड पाण्यात बुडतं, आतली हवा आकसते, ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वरची टोपी किंवा नळी) मातीनं बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. अशा वेळी नवीन ऑईल भरा, वीस-पंचवीस किलोमीटर चालवा आणि पुन्हा सोडा. दुसऱ्यांदाही फिकट आलं तर तिसऱ्यांदा. पहिल्या भरणीला महाग सिंथेटिक नको, त्याच ग्रेडचं साधं घ्या. ऑगस्ट 2019 च्या महापुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात राहिल्या, त्यांतल्या पुष्कळांनी इंजिन आणि सीटांवर खर्च केला आणि हौसिंगकडे पाहिलंच नाही. नदीकाठच्या वाड्या-गल्ल्यांतली गाडी पुरात चाकाच्या मध्यापर्यंत जरी बुडाली असेल, तरी चालवण्याआधी चारही जागांचं ऑईल बघा.

जिप्सीसारख्या गाडीत पुढच्या चाकामागचा गोळाही (चाक वळतं तो सांधा) पाहून घ्या. तिथलं ग्रीस पातळ काळं होऊन ओघळत असेल तर एक्सलचं सील गेलंय आणि हौसिंगचं ऑईल तिकडे जातंय.

> सावधान: रॉकेल किंवा डिझेल घालून हौसिंग धुवू नका. ते एक्सलच्या नळ्यांत साचून राहतं आणि नवीन ऑईल पातळ करतं.

8. खालचा बोल्ट बंद करा

दोन्हीकडची बसायची जागा पुसा, नवीन वॉशर घाला, पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर आटा तिरका धरलाय, काढून पुन्हा लावा. मग मॅन्युअलच्या आकड्याइतकं टॉर्क पान्यानं आवळा. ट्रान्सफर केसचं अंग बहुधा ॲल्युमिनियमचं असतं आणि त्याचे आटे फार लवकर जातात. तिथं पाईप लावून आवळणं म्हणजे नवी केस विकत घेणं.

वॉशरच्या बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे आत जातात. निमुळत्या, वॉशर नसलेल्या बोल्टला मॅन्युअलनं सांगितलेलं सीलंट लावा.

9. भरा, थांबा, पुन्हा भरा

नळी वरून, चाकाच्या कमानीतून किंवा बॉनेटमधून, भरायच्या भोकात सोडा. एक माणूस वर नरसाळं धरून, एक खाली भोकाकडे बघत. हळू ओता. ऑईल कडेवरून बाहेर यायला लागलं की थांबा. एक्सलच्या नळ्यांत ऑईल पोचायला वेळ लागतो, म्हणून दहा मिनिटांनी पातळी उतरलेली दिसेल. पुन्हा कडेपर्यंत भरा. जास्तीचं आपोआप वाहून जाऊ द्या, मग बोल्ट लावा. काही गाड्यांत पातळी कडेच्या काही मिलिमीटर खाली सांगितलेली असते. वहीत तसं लिहिलं असेल तर तारेच्या आकड्यानं मोजा.

"अर्धा लिटर जास्त असलेलं बरं" ही समजूत फार नुकसान करते. जास्तीचं ऑईल घुसळून फेसाळतं, तापतं आणि सील दाबून बाहेर येतं. मागच्या एक्सलच्या टोकाचं सील फुटलं की ते थेट ब्रेकच्या लायनरवर.

> तपासा: डब्यातलं किती संपलं? मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा पाव लिटरनं जरी कमी गेलं असेल, तर गाडी तिरकी आहे, किंवा जुनं ऑईल पूर्ण निथळलेलं नाही.

10. ब्रीदर

हौसिंगच्या वरच्या अंगाला छोटी टोपी किंवा नळी असते. टोपी बोटानं फिरते का बघा. नळी काढून तोंडानं फुंकली तर हवा मोकळी गेली पाहिजे. बुजलेली असेल तर तारेनं साफ करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि हे न केल्यामुळं नव्या ऑईलमध्ये पहिल्याच ओढ्यात पाणी जातं.

11. जुनं ऑईल

परातीतलं ऑईल खुणांच्या कॅनमध्ये भरून झाकण लावा. कूलंट किंवा पेट्रोल त्यात मिसळू नका. वापरलेलं ऑईल 2016 च्या घातक कचरा नियमांखाली येतं. ज्या गॅरेजमधून परवानाधारक पुनर्वापरवाला पिंप उचलून नेतो, तिथं नेऊन द्या. गोठ्याच्या लाकडांना लावणं, जनावरांच्या जखमेवर किंवा गोचिडांवर चोळणं हे गावाकडे अजून चालतं. कृपा करून बंद करा, त्यात धातूचा चुरा असतो. गटारीत तर अजिबात नको. ती गटार कृष्णेला मिळते आणि सांगली कृष्णेचंच पाणी पिते.

12. चालवून बघा

पाच-सहा किलोमीटर सावकाश चालवा, सगळे गिअर टाका, मातीवर फोर हाय आणि फोर लो लावून काढा. घरी आल्यावर प्रत्येक बोल्टभोवती कोरड्या चिंधीनं पुसा आणि रात्रभर गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग असेल तर तो नेमका कुठल्या बोल्टखाली आहे ते बघा. आधी टॉर्क तपासा, तरी गळत असेल तर वॉशर बदला, जोर वाढवू नका.

मग प्रत्येक जागेजवळ मार्करनं ऑईलचा ग्रेड आणि तारीख लिहा, वहीत किलोमीटर आणि लिटर. साधारण 500 किलोमीटरनंतर गाडी थंड आणि सपाट असताना चारही भरायचे बोल्ट पुन्हा उघडा, करंगळीनं पातळी बघा, उतरली असेल तिथं कडेपर्यंत भरा.